मोर उलटा का विणला गेला? फाईल कॉपी करताना तारखांचं काय होतं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी डिझाईनचं काम बघतो. दर वर्षी दोन-तीन नवीन पोरं-पोरी शिकायला येतात. कुणी आयटीआय करून, कुणी नुसतं टायपिंग आणि टॅली करून. पहिल्या आठवड्यातच त्यांतलं कुणीतरी घाबरून हाक मारतं, "सर, सगळ्या फायलींवर आजचीच तारीख दाखवालंय की ओ! माझ्याकडनं काय बिघडलं का?"

काही बिघडलेलं नसतं. पण ही भीती मला ओळखीची आहे, कारण मी स्वतः यात चांगलाच आपटलो होतो. गड्डा यात्रेच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, आधीचे दिवस होते, ऑर्डरी दाटून आलेल्या. जुना कॉम्प्युटर रडत होता म्हणून मालकांनी नवा आणला. मी अकराशेच्या आसपास डिझाईन फायली पेनड्राईव्हवरून नव्या मशीनवर टाकल्या. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईकाचा फोन आला, "मागच्या दिवाळीआधी फायनल केलेला मोर परत चालवा." माझी सवय अशी की फायली तयार झाल्याच्या तारखेनं लावायच्या आणि महिना बघून उचलायच्या. नव्या मशीनवर त्या रकान्यात अकराशे फायलींना एकच दुपार! अंदाजानं एक उचलली आणि जेकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला, दिली. रात्रपाळीत माल निघाला तेव्हा मोर डावीकडं बघत होता. गिऱ्हाईकानं तो उजवीकडं वळवून घेतला होता, त्याच्या आधीची फाईल माझ्या हाती लागली होती. मालक ओरडले नाहीत. टॉवेल उलटा धरून म्हणाले, "आता बरोबर दिसतोय." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर ही सगळी भानगड नव्यानं कामाला लागलेल्यांना अर्ध्या तासात हातानं करून बघता यावी म्हणून लिहितोय. आमच्याकडं विंडोज आहे, त्यामुळं बहुतेक गोष्टी विंडोजच्याच. बाकीचं जाता जाता.

आधी तारखा कुठं दिसतात ते बघा

कोणत्याही फाईलवर राइट क्लिक करा, खाली प्रॉपर्टीज. पहिल्याच पानावर तीन ओळी असतात: क्रिएटेड, मॉडिफाइड, ॲक्सेस्ड. फोल्डर उघडल्यावर जी तारीख सहसा दिसते ती यातली मधली, मॉडिफाइड. बाकीच्याही समोर हव्या असतील तर डिटेल्स व्ह्यू लावा, रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करा आणि डेट क्रिएटेडवर टिचकी मारा. हे आत्ताच करून ठेवा, पुढचे प्रयोग त्याशिवाय कळणार नाहीत.

एक इशारा. फोटोंच्या फोल्डरमध्ये कधीकधी नुसतं 'डेट' असं लिहिलेला रकाना दिसतो. तो वेगळाच प्राणी आहे. फोटोच्या आत काढल्याची तारीख असेल तर तो ती दाखवतो. त्याला मॉडिफाइड समजू नका.

आता या तिघींचा अर्थ. मॉडिफाइड म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. क्रिएटेड म्हणजे ही फाईल, म्हणजे ही प्रत, या डिस्कवर या जागी कधी जन्माला आली. डिझाईन कधी काढलं, पत्र कधी लिहिलं, याच्याशी क्रिएटेडचा संबंध असेलच असं नाही. नाव वाचून सगळे इथंच फसतात, मीही फसलो. झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण घ्या. १९९८ च्या खरेदीखताची आज झेरॉक्स काढली तर कागद आजचा, आतला मजकूर १९९८ चा. क्रिएटेड ही कागदाची तारीख, मॉडिफाइड ही मजकुराची.

ॲक्सेस्ड म्हणजे फाईल शेवटची कधी वाचली. हिच्यावर काहीही उभं करू नका. व्हिस्टा ही आवृत्ती आल्यापासून बरीच वर्षं विंडोजनं ही नोंद मुळातच बंद ठेवली होती, कारण प्रत्येक वाचनाला डिस्कवर लिहीत बसलं की मशीन मंदावतं. नोंद चालू असली तरी ती डिस्कवर उतरायला तासाभराचा उशीर चालतो. शिवाय अँटीव्हायरसनंही फाईल वाचलेली असू शकते.

पहिला प्रयोग: कॉपी-पेस्ट

नोटपॅड उघडा, 'शेंगा चटणी' एवढंच लिहा, डेस्कटॉपवर सेव्ह करा. दहा मिनिटं चहा घ्या. हे खरंच करा, नाहीतर दोन तारखांमधला फरक दिसणार नाही. परत येऊन त्याच फाईलमध्ये 'अर्धा किलो' जोडा आणि सेव्ह करा. आता क्रिएटेड आणि मॉडिफाइडमध्ये दहा मिनिटांचं अंतर दिसेल. अजून पाच मिनिटं जाऊ द्या, मग फाईल कॉपी करून दुसऱ्या फोल्डरमध्ये पेस्ट करा आणि प्रतीच्या प्रॉपर्टीज बघा.

मॉडिफाइड जशीच्या तशी. क्रिएटेड आत्ताची.

म्हणजे फाईल तयार होण्याच्या पाच मिनिटं आधीच ती बदलली गेली! पोरं इथं हसतात. पण वरचं झेरॉक्सचं उदाहरण आठवा, मग यात विचित्र काही उरत नाही. उलट ही कामाची खूण आहे: क्रिएटेड ही मॉडिफाइडच्या नंतरची दिसली की समजायचं, ही फाईल कुठूनतरी कॉपी होऊन आलेली आहे आणि आल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

'सेव्ह ॲज' ही मात्र कॉपी नव्हे. प्रोग्रॅम तिथं कोरी फाईल नव्यानं लिहितो, त्यामुळं दोन्ही तारखा आजच्या. जुनं डिझाईन फक्त वेगळ्या नावानं हवं असेल तर उघडून सेव्ह ॲज करू नका. बाहेरच कॉपी करा आणि नाव बदला. नाव बदलल्यानं क्रिएटेडही हलत नाही, मॉडिफाइडही हलत नाही.

दुसरा प्रयोग: कट-पेस्ट

त्याच ड्राईव्हवर, म्हणजे डी मधून डी मध्येच, फाईल हलवली तर फाईल जागची हलतच नाही. फक्त तिचा पत्ता बदलतो. तारखाही तशाच. मोठी फाईल असली तरी क्षणात होते ते त्यामुळंच.

सी मधून डी मध्ये कट-पेस्ट केलं तर आत खरं म्हणजे कॉपी होऊन मूळ फाईल पुसली जाते. तरी एक्सप्लोरर दोन्ही तारखा सोबत घेऊन जातो. हलवणं म्हणजे तीच फाईल नव्या घरी राहायला गेली, असं विंडोज मानतं.

मग गोंधळ होतो कुठं? माउसनं ओढण्यात. त्याच ड्राईव्हवर ओढून सोडलं तर फाईल हलते, दुसऱ्या ड्राईव्हवर ओढलं तर तिची प्रत होते. हाताची क्रिया एकच, परिणाम दोन. म्हणूनच "काल तारीख टिकली होती, आज का नाही?" असं विचारलं जातं. ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं तर नक्की कॉपी, शिफ्ट दाबून ठेवलं तर नक्की हलवणं. आमच्याकडं नवीन माणसाला पहिला महिना ओढायला बंदी आहे. राइट क्लिक करा, कट किंवा कॉपी निवडा, वेळ लागू द्या.

आणि एक गंमत. एखादी फाईल पुसली आणि पंधरा सेकंदांच्या आत त्याच नावाची दुसरी त्याच फोल्डरमध्ये आली, तर विंडोज नव्या फाईलला जुनीची क्रिएटेड तारीख देतं. जुने प्रोग्रॅम सेव्ह करताना आधी तात्पुरती फाईल लिहायचे, मग मूळ पुसून तात्पुरतीचं नाव बदलायचे. अशा वेळी जन्मतारीख हरवू नये म्हणून केलेली ही सोय आहे. कधी नवीकोरी फाईल सहा महिने जुनी दिसली तर भुताटकी नाही, हे आहे.

फोल्डरचं वेगळं

फोल्डर कॉपी केलं की आतल्या फायलींची मॉडिफाइड टिकते, पण फोल्डरची स्वतःची तारीख आजची होते. 'दिवाळी २०२२', 'लग्नसराई २०२३' अशी फोल्डरं तारखेनं लावायची सवय असेल तर इथं पहिला दणका बसतो. मुळात फोल्डरची मॉडिफाइड आतल्या कामाबद्दल फारसं सांगत नाही. थेट त्याच्या आत काही आलं, गेलं किंवा नाव बदललं तरच ती हलते. दोन पातळ्या खाली कुणी डिझाईन बदलत बसलं असेल तर वरच्या फोल्डरला पत्ताही नसतो.

पेनड्राईव्ह: दोन सेकंद आणि दीड तास

सोलापुरात अजूनही निम्मी डिझाईनं पेनड्राईव्हवरूनच फिरतात. साखर पेठेतून निघून एमआयडीसीत, तिथून चिंचोळीत. त्यामुळं याला जरा जास्त वेळ देऊ.

लहान पेनड्राईव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, कॉम्प्युटरची डिस्क एनटीएफएस. डिस्कवर फायली आणि त्यांच्या तारखा लिहून ठेवायच्या या दोन पद्धती. एनटीएफएसचा हिशेब फार बारीक. सन १६०१ च्या १ जानेवारीपासून सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजलेली वेळ, तीही जागतिक प्रमाणवेळेत. फॅटवर मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं लिहिली जाते, त्यामुळं तिथं सेकंद नेहमी सम असतात. ॲक्सेस्डची तर फक्त तारीख असते, वेळ नाही. ५ वाजून १० मिनिटं ३१ सेकंदांची फाईल पेनड्राईव्हवर ३२ ची होते. माणसाला काय फरक पडतो? काही नाही. पण तारखा ताडून बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं की पेनड्राईव्हवरची फाईल नवी आहे, आणि तो रोज सगळ्याच फायली परत कॉपी करत बसतो. "बॅकअपला रोज दीड तास का लागतो?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हा एक सेकंद असतो.

दुसरा फरक जास्त घोळ घालतो. फॅट भिंतीवरच्या घड्याळाची वेळ जशी दिसते तशी लिहून ठेवतं, कुठल्या देशातली हे लिहीत नाही. एनटीएफएस प्रमाणवेळ ठेवतं आणि दाखवताना त्या मशीनच्या टाइम झोनप्रमाणं बदलून दाखवतं. आपल्या टॉवेलचं गिऱ्हाईक दुबईत आहे असं धरा. संध्याकाळी ५ ला सोलापुरात सेव्ह केलेली फाईल लॅपटॉपच्या डिस्कवर आहे. तो लॅपटॉप दुबईत नेऊन टाइम झोन बदलला की तीच फाईल दुपारी साडेतीनची दिसते, कारण दुबई आपल्या दीड तास मागं. पेनड्राईव्हवरची प्रत मात्र तिथंही ५ च दाखवते. फाईल एकच, तारीख एकच, फरक दीड तासाचा. अशा वेळी 'नवी कुठली' यावरून फोनवर भांडू नका, आधी टाइम झोन विचारा.

सगळ्या तारखा सांभाळून कॉपी करायची असेल तर

विंडोजमध्ये व्हिस्टापासून रोबोकॉपी नावाची सोय आयतीच असते. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते. घाबरू नका. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, इथं मी ती वाचायची तशी लिहितो: रोबोकॉपी, मग मूळ फोल्डरचा पत्ता, मग नव्या फोल्डरचा पत्ता, मग 'स्लॅश ई' म्हणजे आतली सगळी फोल्डरं, मग 'स्लॅश डीकॉपी कोलन डी ए टी' म्हणजे फोल्डरच्या तारखाही. फायलींच्या तारखा, क्रिएटेडसह, ती न सांगताच जपते. फोल्डरच्या मात्र सांगितल्याशिवाय नाही, म्हणून तो शेवटचा तुकडा. दोन्हीपैकी एखादी जागा पेनड्राईव्हवर असेल तर 'स्लॅश एफ एफ टी' जोडा, मग ती दोन सेकंदांचा फरक माफ करते.

पत्त्यात मोकळी जागा असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात टाका. पण अवतरण बंद करायच्या अगदी आधी उलटी तिरकी रेघ ठेवू नका, रोबोकॉपी तिथं दोन पत्ते एकात मिसळून वाचते. पहिल्यांदा करताना शेवटी 'स्लॅश एल' लावा. मग ती काय काय करणार याची नुसती यादी दाखवते, करत काही नाही. आणि कुणी 'स्लॅश मिर', म्हणजे मिरर, आरसा, सांगितलं तर थांबा. त्यानं नव्या जागेतलं जे मूळ जागेत नाही ते सगळं पुसलं जातं. आमच्याच ओळखीतल्या एकानं पत्ते उलटे टाकून रिकाम्या फोल्डरचा आरसा भरलेल्या फोल्डरवर धरला होता. पुढचं सांगत नाही.

ज्याला हे नको त्यानं झिप करून न्यावं. झिपच्या आत प्रत्येक फाईलची मॉडिफाइड तारीख लिहिलेली असते, उलगडल्यावर ती परत मिळते. क्रिएटेड उलगडल्या क्षणाची पडते, ते चालवून घ्या. ईमेल किंवा गूगल ड्राईव्हवरून पाठवायचं असेल तर हाच उपाय, कारण सुटी फाईल ब्राउझरनं उतरवली की तिच्या दोन्ही तारखा उतरवल्याच्या पडतात.

लिनक्सवाल्यांसाठी तीनच वाक्यं. तिथली साधी 'सीपी' आज्ञा मॉडिफाइडसुद्धा आजची करते, जपायची तर 'मायनस पी' जोडावं लागतं. 'आरसिंक'ला 'मायनस ए' द्या. शिवाय तिथं 'सीटाइम' नावाची तारीख दिसते, तिच्यातला सी क्रिएटेडचा नाही, चेंजचा आहे.

मोबाईल आणि फोटो

फोटोचं सुख असं की कॅमेऱ्यानं काढल्याची तारीख फाईलच्या पोटात लिहिलेली असते. प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स पानावर 'डेट टेकन' म्हणून दिसते. साध्या कॉपीनं ती बदलत नाही, मग शंभर पेनड्राईव्ह फिरा. गड्ड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो चार मित्रांकडून गोळा केले तर मॉडिफाइडनं लावू नका, डेट टेकननं लावा. मात्र चौघांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली असली पाहिजेत. नाहीतर अक्षता आधी आणि मिरवणूक नंतर, असा अल्बम तयार होतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की मात्र ही आतली तारीख पुसली जाते. अँड्रॉइडवर मिळालेल्या फाईलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. तारीख हवी असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. डिझाईनच्या फायलींनाही तेच लागू, कारण फोटो म्हणून पाठवलेलं डिझाईन व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि जेकार्डसाठी ते निकामी होतं.

कधी फाईलवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसेल. ही वेळ नाहीच, हा शून्य आहे. युनिक्स आणि अँड्रॉइड काळ मोजतात तो १९७० च्या १ जानेवारीच्या जागतिक मध्यरात्रीपासून, आणि तेव्हा आपल्याकडं साडेपाच वाजलेले असतात. १ जानेवारी १९८० दिसलं तर तो फॅटचा शून्य. दोन्हीचा अर्थ एकच: तारीख वाटेत कुठंतरी हरवली.

हरवलेली तारीख शोधायची कशी

आधी मूळ डिस्क किंवा पेनड्राईव्ह शोधा आणि तोवर तिला हात लावू देऊ नका. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायची घाई नको. माझ्या मोराची खरी तारीख मला शेवटी तिथंच सापडली. वर्ड आणि एक्सेलच्या फायलींना पोटातही तारखा असतात: डिटेल्स पानावर 'कंटेंट क्रिएटेड' आणि 'डेट लास्ट सेव्ह्ड'. कॉपीनं त्या हलत नाहीत. पीडीएफचंही बहुधा तसंच. साध्या बीएमपी, म्हणजे नुसत्या चित्राच्या, डिझाईनला असलं काही नसतं, तिथं ज्या ईमेलला ती जोडून गेली होती त्या ईमेलची तारीख बघा.

वादाचं प्रकरण असेल, पैसे अडकलेत, कुणी डिझाईन चोरलंय, तर फाईल उघडू नका, नव्या जागी हलवूही नका, सरळ वकिलाकडं जा. या तारखा पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या दुसऱ्या खिडकीत, एका ओळीत बदलता येतात हे समोरच्यालाही माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुराचा आकडी ठसा द्यावा लागतो. कॉपीनं तारीख बदलली तरी मजकूर तोच असेल तर हा ठसा बदलत नाही.

आमच्याकडं आता डिझाईनच्या नावातच तारीख असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: '२०२५-०१-०८ मोर उजवा फायनल'. आकडे इंग्रजी कळफलकावरचे. दिवस आधी लिहिला तर नावानं लावल्यावर सगळ्या महिन्यांच्या आठ तारखा एकाखाली एक येतात, म्हणून वर्ष पुढं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' ही नावं लिहिणाऱ्याकडून चहा घेतला जातो.

आणि नवं मशीन हाती आलं की घड्याळ बघा. उजव्या कोपऱ्यातली वेळ आणि टाइम झोन, दोन्ही. जुन्या मशीनमध्ये लाईट गेली की घड्याळ मागं जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही गोल बटण बॅटरी संपलेली असते. लाईट बंद करा, वायर काढा, बॅटरी बदला, मग वेळ लावा. तोपर्यंत त्या मशीनवर काही सेव्ह करू नका.